थेट यूसी, की आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज?

दरवर्षी मार्च संपत आला की मला फोन सुरू होतात. "ताई, तुम्ही कॉलेजात शिकवता ना, जरा विचारायचं होतं." पलीकडे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट, सॅन रमोन नाहीतर क्युपर्टिनोतले आई-बाबा असतात. मुलाला बर्कली आणि यूसीएलएचा नकार आलेला असतो, मर्सेड किंवा रिव्हरसाइडचा होकार आलेला असतो (ही सगळी यूसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची कॅम्पस), आणि मंडळाच्या पाडव्याला कुणीतरी कानात सांगितलेलं असतं की डी अँझा या दोन वर्षांच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढली की बर्कली मिळते. १ मेपर्यंत यूसीला काय ते कळवायचं असतं. घरात तोवर धड कुणी कुणाशी बोलत नसतं.

मी बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, दोन कम्युनिटी कॉलेजांत गणित शिकवते. सकाळी एकीकडे, संध्याकाळी पस्तीस मैलांवर दुसरीकडे. आमच्यासारख्या अर्धवेळ शिक्षकांना इथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. पगार या कॉलेजांचा खाते, म्हणून मी त्यांचीच बाजू घेईन असं फोन करणाऱ्यांना वाटतं. घेतेही, पण सरसकट नाही.

आधी 'कम्युनिटी कॉलेज' म्हटल्यावर तोंड वाकडं करण्याबद्दल

गावाकडे 'तो डिप्लोमावाला' म्हणताना आवाजात जी एक छटा असते, तीच इथे 'कम्युनिटी कॉलेज' म्हणताना येते. तुलना तशी बरोबरच आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेणारी मुलं आपण पाहिली आहेत. इथे बारावीनंतर दोन वर्षं करून तिसऱ्या वर्षाला जातात, एवढाच फरक. त्या डिप्लोमावाल्यांतले किती पुढे वर्गात पहिले आले, हेही आपण पाहिलंय. शेवटी पदवी मिळते ती यूसीची. पहिली दोन वर्षं कुठे झाली हे तिच्यावर छापलेलं नसतं.

१९६० साली कॅलिफोर्नियानं उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन आखला. बारावीतल्या वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी यूसी, वरच्या एक तृतीयांशासाठी कॅल स्टेट (राज्याचं दुसरं विद्यापीठ, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), आणि ज्याला शिकायचंय त्या कुणासाठीही कम्युनिटी कॉलेज. पण खालून वर चढायचा जिनाही त्याच आराखड्यात ठेवला होता. आज अशी ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. यूसीचं धोरण असं की बारावीतून दोन मुलं घेतली तर ट्रान्सफरचं, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून पुढच्या वर्षाला येणारं, एक घ्यायचं, आणि त्या ट्रान्सफरमध्ये कॅलिफोर्नियाच्याच कम्युनिटी कॉलेजांतली मुलं नव्वद टक्क्यांच्या आसपास असतात. त्यामुळे मागच्या दारानं शिरल्याची लाज वाटायचं कारण नाही, ते दार मुद्दाम बसवलेलं आहे.

स्टीव्ह वॉझ्निअॅक बर्कलीला जाण्याआधी डी अँझात होता, हे प्रत्येक फोनमध्ये कुणीतरी मला ऐकवतंच. तो कुठेही गेला असता तरी वॉझ्निअॅकच झाला असता. हे उदाहरण आपण बाजूला ठेवू.

पैसे

कम्युनिटी कॉलेजची फी २०१२ पासून एका युनिटला (विषय मोजायचं माप) ४६ डॉलर आहे. वर्षाची ३० युनिटं धरली तर १,३८० डॉलर. डी अँझा आणि फुटहिलमध्ये सेमिस्टरऐवजी क्वार्टर, म्हणजे त्याहून छोटी सत्रं असतात, तिथे युनिटला ३१ डॉलर. ४५ युनिटांचे १,३९५. आरोग्य फी, पार्किंग आणि पुस्तकं वेगळी, तरी आकडा फार फुगत नाही. पहिल्यांदाच कॉलेजला येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला बऱ्याच कॉलेजांत पहिली दोन वर्षं ही फीसुद्धा माफ होते.

यूसीची फी आता वर्षाला १५ हजारांच्या आसपास आहे. हॉस्टेल आणि खाणं धरलं तर एकूण खर्च ४० हजारांच्या पुढे जातो. दोन वर्षांचे ८०. मूल घरी राहिलं, आईच्या हातचं जेवलं, तर त्यातले ७० हजार तरी वाचतात. ही रक्कम खरी आहे आणि बहुतेक घरं इथेच निर्णय घेऊन मोकळी होतात.

थांबा. तुमच्या समोरचा दुसरा पर्याय नेमका कोणता, हे आधी बघा. मुलगी सॅन होजेत राहते आणि तिला सॅन होजे स्टेटनं (हे कॅल स्टेटचंच एक कॅम्पस) घेतलंय, तर कॅल स्टेटची मूळ फी साडेसहा हजारांच्या घरात आहे आणि राहायचं घरीच आहे. मग दोन वर्षांची बचत १०-१५ हजारांवर येते. तेवढ्यासाठी हातातली जागा सोडून पुन्हा प्रवेशाच्या रांगेत उभं राहणं मला पटत नाही. उत्पन्न कमी असलेल्या घरांना यूसीच्या ब्लू अँड गोल्ड योजनेत ट्यूशन माफ होते; त्यांनीही यूसीनं पाठवलेलं मदतीचं पत्र नीट वाचल्याशिवाय बचतीचं गणित मांडू नये.

आणि सगळ्यात मोठी गळती म्हणजे तिसरं वर्ष. इंजिनिअरिंगला कॅल्क्युलसचे तीन भाग, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, फिजिक्सचे तीन भाग, केमिस्ट्री, प्रोग्रॅमिंग, हे सगळं एकापुढे एक लागतं. साखळीतली एक कडी चुकली, एखाद्या वर्गात जागा मिळाली नाही, की दोनाची तीन वर्षं होतात. फी किरकोळच लागते, पण नोकरी एक वर्ष उशिरा लागते. ते एक वर्षाचं वेतन वाचवलेल्या ७० हजारांतून वजा करून बघा.

सुकाणू कुणाच्या हातात

पैशापेक्षा मोठा फरक इथे आहे, आणि फोनवर याबद्दल कुणीच विचारत नाही.

थेट यूसीला गेलेल्या मुलाला प्रवाह वाहून नेतो. हॉस्टेलच्या मजल्यावरचे सगळे एकाच वर्षाचे, सगळे रजिस्ट्रेशनच्या एकाच घाईत, कुणीतरी सीनियर सांगतोच की हा विषय आत्ता घे, तो पुढच्या वर्षी. आळशी मूलसुद्धा गर्दीबरोबर पुढे सरकतं. कम्युनिटी कॉलेजात पाणी संथ आहे. वर्ग सुटला की पार्किंग लॉट रिकामा होतो. होडी स्वतः वल्हवायची, आणि कुठल्या काठाला लागायचं हेही स्वतःच ठरवायचं.

वल्हवायची म्हणजे काय, ते एकदा पाहून घ्या. असिस्ट नावाच्या सरकारी वेबसाइटवर आपलं कॉलेज, हवी ती यूसी आणि हवा तो मेजर (पदवीचा मुख्य विषय) निवडला की कुठला विषय कुठल्या विषयाच्या बदल्यात चालतो याची यादी येते. पाच यूसींना अर्ज करायचा तर पाच याद्या, आणि त्या एकसारख्या नसतात. कधी एखाद्या ओळीपुढे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्याच्या बदल्यात चालेल असा विषय तुमच्या कॉलेजात नाहीच. मग शेजारच्या कॉलेजात जाऊन करा, नाहीतर तसाच सोडा. त्यात काउन्सेलरची भेट मिळायला वेळ लागतो, आणि मिळाली तरी तो अर्धा तास असतो. त्याच्यासमोर बसायच्या आधी या याद्या वाचून गेलेलं मूल आणि कोरं गेलेलं मूल यांच्या दोन वर्षांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मग टॅग. म्हणजे यूसीची ट्रान्सफर प्रवेशाची हमी. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसांपैकी कुठल्याही एकालाच टॅगचा अर्ज करता येतो, आणि तोही फक्त सप्टेंबर महिन्यात. मुख्य अर्ज त्यानंतर वेगळा. जानेवारीत ग्रेड आणि पुढचे विषय पुन्हा कळवायचे. यातली एक तारीख हुकली की हमी गेली. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो टॅगमध्ये नाहीत. म्हणजे पाडव्याला कानात सांगितलेलं ते 'मिळते' हमीचं नव्हतंच.

आणखी एक नियम, जो मुलांना फार उशिरा कळतो. एखाद्या विषयात डी किंवा एफ मिळाला तर तो विषय पुन्हा करता येतो. सी मिळाला तर नाही. माझ्या कॅल्क्युलसच्या वर्गात सेमिस्टरच्या मध्यावर एखादा मुलगा सीवर येऊन बसतो. वेळेत वर्ग सोडला तर कागदावर डब्ल्यू लागतो, न सोडला तर बहुधा सी कायमचा चिकटतो. एक-दोन डब्ल्यूंनी आभाळ कोसळत नाही. पण हे विचारायला माझ्याकडे येणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांच्या ऑफिस अवरला मी एकटीच बसते. (माझं 'ऑफिस' म्हणजे बरेचदा लायब्ररीतलं टेबल आणि गाडीची डिकी. अर्धवेळ शिक्षकांना स्वतंत्र खोली क्वचितच मिळते, आणि या कॉलेजांत निम्म्याहून जास्त शिक्षक अर्धवेळ आहेत. हाही एक तोटाच, लिहून ठेवा.)

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. देशभरात कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या बहुतेकांना पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची असते. प्रत्यक्षात साधारण तीनांतला एक ट्रान्सफर होतो, आणि सहा वर्षांत पदवी हातात पडते ती साधारण सहांतल्या एकाच्या. हा आकडा बघून घाबरून जाऊ नका. यात रात्रपाळी करून शिकणारे, मुलंबाळं सांभाळणारे, मध्येच नोकरीसाठी सोडून जाणारे सगळे आले. तुमच्या मुलाला घर आहे, जेवण आहे, गाडी आहे, त्याची शक्यता कितीतरी बरी. तरीही मी दरवर्षी सुस्थितीतल्या घरांतली चार-पाच मुलं अशी बघते जी चौथ्या वर्षीही 'पुढच्या फॉलला करतो ट्रान्सफर' म्हणत असतात.

मेजर काय, त्यावर सगळं फिरतं

यूसीएलएत बारावीतून अर्ज करणाऱ्या १०० मुलांमागे ९-१० घेतली जातात, ट्रान्सफरच्या १०० मागे पंचवीसेक. हाच आकडा व्हॉट्सअॅपवर फिरत असतो. तो खोटा नाही, पण सगळे मेजर मिसळून काढलेला आहे.

अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास, बऱ्याच अंशी जीवशास्त्रसुद्धा. या वाटेनं जाणाऱ्या मुलाला कम्युनिटी कॉलेज हा उत्तम सौदा आहे. यूसी ट्रान्सफरमध्ये शाळेचे ग्रेड मोजत नाही. नववी-दहावीत वाया गेलेलं वर्ष, ते एकदाचं केमिस्ट्रीतलं दिवाळं, सगळी पाटी पुसली जाते. बारावीत रिव्हरसाइड मिळालेली मुलगी दोन वर्षांनी अर्थशास्त्रासाठी यूसीएलएला गेली, तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. मात्र तिनं त्या दोन वर्षांत ग्रेडची सरासरी (४ पैकी) ३.८ च्या खाली येऊ देता कामा नये.

कॉम्प्युटर सायन्सचं गाव वेगळं. यूसीएलएत त्या मेजरला ट्रान्सफरची टक्केवारी एक आकडी आहे. टॅग देणाऱ्या कॅम्पसांतही कॉम्प्युटर आणि इंजिनिअरिंगच्या बऱ्याच शाखा टॅगमधून वगळलेल्या असतात. सँटा बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज टॅग घेतच नाही. 'दुसऱ्या मेजरमधून आत शिरू, मग बदलू' हा जुना डाव बर्कलीत आता जवळजवळ बंद झालाय, कारण तिथे कॉम्प्युटर सायन्सला प्रवेशाच्या वेळीच निवडतात. आणि आपल्याकडून येणाऱ्या फोनांतली निम्मी मुलं नेमकी याच मेजरची असतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. रिव्हरसाइड, मर्सेड, सँटा क्रूझ, कुठेही कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेश मिळाला असेल, तर तो घ्या. बर्कलीच्या आशेवर ती जागा सोडणं हा जुगार आहे. मेजरमध्ये जागा मिळालेलीच नसेल, 'अनडिक्लेअर्ड' (मेजर न ठरवलेला) म्हणून घेतलं असेल, तर मात्र कम्युनिटी कॉलेज बरोबरीला येतं. फक्त शेवटी सॅन होजे स्टेट किंवा रिव्हरसाइडवर समाधान मानायची तयारी आधीपासून हवी. सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांत सॅन होजे स्टेटची मुलं ढिगानं आहेत, त्यामुळे ही काही शिक्षा नाही. कॅल स्टेटसाठी ट्रान्सफरची खास असोसिएट पदवी मिळवली तर व्यवस्थेत कुठेतरी जागा नक्की मिळते. 'कुठेतरी' या शब्दाकडे लक्ष द्या. हवा तो कॅम्पस आणि हवा तो मेजर यांची हमी त्यात नाही.

वर्गात आणि वर्गाबाहेर

माझ्या कॅल्क्युलसच्या वर्गात चाळीस मुलं असतात. यूसीत त्याच विषयाला तीनशे जणांचं व्याख्यान आणि प्रश्न विचारायला टीए, म्हणजे शिकवायला मदत करणारा विद्यार्थी. पहिल्या दोन वर्षांचं गणित, इंग्रजी, फिजिक्स हे आमच्याकडे जास्त चांगलं शिकवलं जातं असं मी छातीठोकपणे म्हणेन. आमचं कामच शिकवणं आहे, संशोधनाचे पेपर आमच्या मानेवर नसतात. शेजारच्या बाकावर पंचेचाळिशीचा माजी सैनिक असतो, रात्रीची ड्यूटी करून आलेली नर्स असते. अठराव्या वर्षी त्यांच्याबरोबर बसून कॅल्क्युलस सोडवणं हेही एक शिक्षणच.

पण मित्रांचं काय? पुढे आयुष्यभर टिकणारी मैत्री हॉस्टेलात, मेसमध्ये, रात्री दोनला होते. ते इथे जवळपास नाही. पहिल्या वर्षापासून प्रोफेसरच्या प्रयोगशाळेत लुडबुड करणं, दुसऱ्या उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळवणं, यात थेट गेलेली मुलं पुढे निघतात. ट्रान्सफर होऊन यूसीत पोहोचलेला मुलगा सामान उतरवतो न उतरवतो तोच ऑक्टोबरचा करिअर फेअर येतो. त्याच्याकडे इंटर्नशिपसाठी हाताशी एकच उन्हाळा. त्यात बर्कली-मर्सेड सोडून बाकी यूसींत दहा आठवड्यांच्या क्वार्टरचा वेग. सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजातून आलेल्यांचे पहिल्या क्वार्टरला ग्रेड हमखास घसरतात. डी अँझा-फुटहिलच्या मुलांना या वेगाची निदान सवय असते.

आणि घर. दोन वर्षं मूल घरी राहणार हे आई-बाबांना फायद्याच्या रकान्यात लिहावंसं वाटतं. मुलाला एकदा विचारा तो कुठल्या रकान्यात लिहितो. ज्या घरात बारावीपर्यंत रोज रात्री 'होमवर्क झालं का' असायचं, तिथे तेच पुढे चालू राहिलं तर दोन वर्षांत मूल मोठं होत नाही, फक्त वयानं वाढतं. काही घरांत मात्र आजी आजारी असते, धाकटं भावंड असतं, मुलालाच लांब जायचं नसतं. तिथे हे वरदान आहे.

व्हिसा

एच-४ वर (आई-बाबांच्या एच-१बी कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) असलेल्या मुलांनी हा भाग दोनदा वाचावा. एच-४ वर कॅलिफोर्नियात रहिवासी फी मिळू शकते, फेडरल मदत मात्र मिळत नाही. २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो, बहुधा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो आणि त्याबरोबर रहिवासी फीवरही गदा येऊ शकते. यूसीत रहिवासी नसलेल्याला वर्षाला ३० हजारांहून जास्त जादा फी पडते. आता बघा, कम्युनिटी कॉलेजात दोनाची तीन वर्षं झाली तर यूसीची दोन्ही महागडी वर्षं एकविशीनंतर येतात. अशा घरात वेळ लांबवणारी कुठलीही वाट जपून निवडावी, आणि आधी वकिलाकडे जावं.

पुण्या-मुंबईहून बारावी करून थेट इकडच्या कम्युनिटी कॉलेजात येऊ इच्छिणाऱ्यांचेही निरोप येतात. सॅट या प्रवेश परीक्षेची अट नाही, टॅग परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतो, एजंट हे सगळं रंगवून सांगतात. एजंट जे सांगत नाहीत ते असं, की तुम्हाला युनिटला ४६ डॉलर नव्हेत, त्याच्या कैकपट मोजावे लागतात. राहायला आईचं घर नाही, कारण बहुतेक कॉलेजांना हॉस्टेलच नाही. आणि पुढची दोन यूसीची वर्षं राहण्याखाण्याशिवायच ५० हजारांच्या पुढे जातात. घरचं पाठबळ भक्कम असेल तर या. कर्ज काढून नको. तिकडे पदवी करून एमएसला येणं बऱ्याच घरांना जास्त झेपतं.

न्यू जर्सी किंवा व्हर्जिनियात असाल तर वरचे आकडे विसरा. तिथे वेगळ्या योजना आहेत. एडिसनजवळ राहणाऱ्यांना मिडलसेक्स कॉलेज आणि रटगर्स विद्यापीठ, उत्तर व्हर्जिनियात नोव्हा (नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज) आणि जॉर्ज मेसन विद्यापीठ, या जोड्यांची चौकशी करून बघा.

मूल अजून अकरावीत असेल तर मधली वाटही आहे. शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजचे एक-दोन वर्ग घेता येतात, शाळेकडून गेलं तर फी जवळजवळ लागत नाही, आणि यूसी अशा मुलाला ट्रान्सफर धरत नाही, बारावीचा अर्जदार म्हणूनच बघते. त्या एका वर्गात तो स्वतः रजिस्ट्रेशन करतो का, शिक्षकाला स्वतः ईमेल लिहितो का, हे बघून पुढच्या दोन वर्षांचा बराच अंदाज येतो.

बारावी होऊन गेली असेल तर ही परीक्षा उरत नाही. म्हणून हल्ली फोनवर शेवटी मी आई-बाबांना म्हणते, माझा नंबर त्याला द्या, त्याला काय विचारायचंय ते त्यालाच विचारू दे. गेल्या एप्रिलात सात घरांना असं सांगितलं. दोन मुलांचे फोन आले. एकाला समाजशास्त्र करायचं होतं. असिस्टवरच्या चार याद्या उघडून बसला होता, त्याला मी म्हटलं, ये. दुसरीचे प्रश्न त्याच्याहून नेमके होते, पण तिच्या हातात रिव्हरसाइडचं कॉम्प्युटर सायन्स होतं. तिला मी रिव्हरसाइडला पाठवलं.